मस्टँगचं छत अर्ध्यावर अडकतंय? पंप मागवण्याआधी हे तपासा

फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबलचं, म्हणजे उघडता-मिटता येणाऱ्या छताच्या गाडीचं, छत नीट चालत नसेल तर आधी लक्षणं बघा. यातलं कुठलं तुमच्या गाडीचं आहे ते ठरलं की निम्मं काम झालं.

स्विच दाबला की मागच्या सीटमागून घूंऽ असा आवाज येतो, पण छत जागचं हलत नाही.

छत निघतं, अर्ध्यावर येऊन थांबतं. मिनिटभर थांबून पुन्हा स्विच दाबला की आणखी थोडं सरकतं.

एक बाजू उठते, दुसरी मागे राहते. छत तिरकं होतं आणि सांगाडा करकरतो.

खाली जातं, वर येत नाही. किंवा उलट.

काहीच होत नाही. फार तर कुठेतरी ‘टक्’ वाजतं.

मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर लाल तेलाचे थेंब दिसतात, किंवा मागच्या सीटच्या बाजूचं पॅनेल आतून ओलं लागतं.

छत पूर्ण वर येतं, पण त्याच्या पुढच्या खुंट्या काचेवरच्या पट्टीतल्या भोकांत बसत नाहीत.

हे सगळं मी १९६५ आणि १९६६ च्या फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबलबद्दल लिहितोय. या गाडीला हाताने उघडायचं छत मूळचं असायचं आणि जास्तीचे पैसे भरले की मोटरवर चालणारं मिळायचं. माझी स्वतःची १९६६ ची आहे, २०११ पासून. डेट्रॉइटजवळ राहतो. ओळखीतल्या मराठी आणि इतर मंडळींच्या मिळून वीसेक गाड्यांची छतं मी आजवर उघडून बघितली आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते, त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत माझा फोन याच एका तक्रारीसाठी वाजतो. त्या वीसातल्या चारच गाड्यांना खरोखर नवा पंप लागला. बाकीच्यांपैकी निम्म्या लोकांनी मला विचारायच्या आधीच पंप विकत घेऊन ठेवला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. विक्रीच्या जाहिरातीत ‘गाडी उत्तम जपलेली, छताला फक्त पंप हवा’ असं वाचून गाडी बघायला निघालेल्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

यंत्रणा कशी चालते, ते दोन मिनिटांत सांगतो. मागच्या सीटच्या पाठीमागे खाली एक मोटर आहे, तिला जोडलेला पंप आणि तेलाची छोटी टाकी. तिथून रबरी नळ्या डाव्या-उजव्या बाजूच्या पॅनेलमागे उभ्या असलेल्या दोन सिलिंडरांना जातात. मोटर एका दिशेने फिरली की तेल सिलिंडरांच्या तळाशी जातं, दांडे बाहेर येतात, छत उठतं. उलटी फिरली की तेल वरच्या बाजूने शिरतं, दांडे आत जातात आणि छत खाली ओढलं जातं. म्हणजे वीज, तेल, सिलिंडर आणि सांगाडा अशी ही साखळी आहे. पंप तिच्या मधोमध बसलेला असतो. आवाज त्याचाच येतो, म्हणून दोषही त्याच्यावरच येतो.

हात न मळवता होणारी तपासणी

पुढच्या काचेवरची दोन्ही कुलपं पूर्ण सुटली आहेत ना? मागच्या बाजूच्या काचा खाली आहेत ना? मागची प्लॅस्टिकची खिडकी मोकळी केली आहे ना? प्रश्न साधे वाटतील, पण एक कुलूप अडकलेलं असताना स्विच दाबला तर मोटर त्या कुलपाशी झुंजते आणि सांगाड्याचा सांधा वाकतो.

मग छत ज्यात जाऊन बसतं ती मागची खोळ बघा. नुसती बघू नका, कोपरापर्यंत हात घालून चाचपा. नोव्हायच्या एका मित्राचं छत खाली जाताना शेवटच्या वीतभर अंतरात अडायचं. त्याने पंप बदलला, तरी तेच. मी खोळीत हात घातला तर डाव्या कोपऱ्यात, सांध्याच्या बरोबर खाली, टेप गुंडाळलेला टेनिस बॉल. मुलगा रविवारी क्रिकेट खेळून आला की किट मागे टाकायचा. बॉल दाबून दाबून अंडाकृती झाला होता आणि वरच्या कापडाला आतून त्याच आकाराची चकाकी आली होती. खोळ म्हणजे सामान ठेवायची जागा नव्हे. छत्री, स्वेटर, पाण्याची बाटली, काहीही तिथे नको.

इंजिन चालू ठेवूनच छत हलवा. उभी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना साडेतेराच्या वर. हा एक व्होल्टचा फरक मोटरला चांगलाच जाणवतो. निम्म्या वेळा ‘छत हळू चालतं’ ही तक्रार इथेच मिटते.

आणि थंडी. मिशिगनमध्ये एप्रिलची सकाळ फसवी असते. ऊन असतं, पण छताचं व्हिनाइल कडक असतं. दहा अंश सेल्सिअसच्या खाली मी छत हलवतच नाही. मागची प्लॅस्टिकची खिडकी अशा वेळी घडीवर तडकते. १९६७ पासून घडीची काच मिळू लागली, पण ’६५-’६६ ला मूळचं प्लॅस्टिकच.

अर्ध्यावर थांबून पुन्हा चालू होणं

हे लक्षण वेगळं घेतो, कारण ते फार काही सांगून जातं. या वायरिंगमध्ये एक ब्रेकर असतो. प्रवाह जास्त झाला की तो तापून उघडतो आणि थंड झाला की आपोआप जुळतो. तुमचं छत मिनिटभराने पुन्हा चालतं, याचा अर्थ ब्रेकर त्याचं काम नीट करतोय आणि मोटरवर कुठून तरी जादा भार येतोय. अशा वेळी कुणी ‘मोठा ब्रेकर बसव’ म्हणालं तर ऐकू नका. साठ वर्षांच्या जुन्या वायरी गालिच्याखालून गेल्या आहेत. मोठा ब्रेकर बसवला की जळणारी वस्तू बदलते, इतकंच. भार कुठून येतोय ते शोधायचं. ते पुढे.

तेल

मागची सीट काढायला घाबरू नका. बसायचा भाग मागे ढकलून वर उचलला की सुटतो. पाठीचा भाग खालचे स्क्रू काढून वर सरकवायचा. टाकीखाली जुनी फडकी भरपूर पसरा आणि बूच हळूहळू सैल करा, आत दाब असू शकतो.

तेल बोटावर घ्या. मस्टँगमध्ये ट्रान्समिशनचं तेल असतं, लाल आणि बुळबुळीत. लाल, स्वच्छ असेल तर छान. गुलाबी फेस असेल तर हवा शिरली आहे. तपकिरी, काजळीसारखं असेल तर नळ्या किंवा सील आतून झिजताहेत. पिवळसर, पातळ आणि रंगाला लागल्यावर रंग उचलणारं असेल तर कुणीतरी ब्रेकचं तेल ओतलंय. पन्नाशीच्या दशकातल्या कित्येक अमेरिकन कन्व्हर्टिबलमध्ये छताच्या यंत्रणेत ब्रेकचंच तेल असायचं. त्या सवयीने जुना मेकॅनिक हीही गाडी तशीच भरतो. दोन्ही तेलं एकत्र आली की सील फुगतात आणि मऊ होतात. अशा गाडीत नुसतं तेल बदलून भागत नाही. सिलिंडर आणि नळ्याही जातात.

पातळी बघताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छत वर असताना दांडे सिलिंडरांच्या बाहेर असतात, म्हणून सिलिंडरांत तेल जास्त आणि टाकीत कमी. छत खाली आलं की दांडे आत शिरतात आणि तेवढं तेल टाकीत परत येतं. मी पहिल्या वर्षी छत वर असताना टाकी काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं आणि स्विच दाबला. छत खाली बसलं आणि महिनाभरापूर्वी बसवलेल्या नव्या गालिच्यावर लाल तेल पसरलं. त्या वासासकट तो गालिचा फेकावा लागला. तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छत कोणत्या स्थितीत ठेवून पातळी बघायची ते दिलेलं असतं. तसंच करा.

हवा काढायला बुचाच्या जागी नळी लावून तिचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत बुडवा आणि छत चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा. बाटलीतले बुडबुडे थांबले की झालं. छत टोकाला पोचल्यावर स्विच दाबून धरू नका. आवाज बदलला की बोट उचलायचं.

तेल कमी निघालं तर ते कुठेतरी गेलंय. दोन्ही बाजूंची पॅनेलं काढून सिलिंडराच्या दांड्याभोवती पांढरा कागद गुंडाळा आणि छत दोनदा हलवा. कागद लाल झाला तर त्या सिलिंडराचा सील गेला. एक गेला तरी दोन्ही बदला. नवा आणि जुना सिलिंडर सारख्या वेगाने चालत नाहीत, छत तिरकं उठतं आणि सांगाड्याला पीळ बसतो. नळ्या त्याच वेळी बदलून टाका.

वीज, आणि विशेषतः अर्थिंग

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर. सीट काढलेलीच आहे. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्विच दाबायला सांगा आणि मोटरच्या वायरीवर व्होल्ट मोजा. मोटर ओढ घेत असताना अकराच्या खूप खाली आले तर वीज वाटेत गळतेय. ब्रेकर, स्विच, जोड, सगळे एकेक करून तपासा. जोडांवर हिरवट भुकटी असेल तर घासून काढा.

त्यानंतरची चाचणी मात्र कधीच टाळू नका. मीटरचं एक टोक मोटरच्या अंगाला लावा, दुसरं बॉडीच्या उघड्या, घासलेल्या पत्र्याला. मोटर चालू असताना इथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब आहे. या मोटरचा परतीचा प्रवाह तिच्या बैठकीतून बॉडीत जातो, आणि बैठक रबरावर असते म्हणून एक छोटी वायर पत्र्याला जोडलेली असते. गाडी जितकी सुंदर रिस्टोअर केलेली, तितका माझा संशय इथे जास्त. कारागीर सगळा फ्लोअर काढून, घासून, रंगाचे दोन जाड थर देतो. मग त्याच रंगावर अर्थिंगचा बोल्ट आवळला जातो. बाहेरून आरशासारखी गाडी, आणि बोल्टखाली रंगाचा थर. बोल्ट काढा, रुपयाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, आवळा, वरून थोडं ग्रीस. खर्च सँडपेपरच्या तुकड्याचा.

छत एकाच दिशेने चालत असेल तर मूळच्या मोटरमध्ये एक छान चाचणी करता येते. मोटरला दोन वायरी येतात, एक वर जाण्याची, एक खाली जाण्याची. त्या क्षणभर अदलाबदल करून जोडा आणि जो स्विच आधी चालत होता तोच दाबा. आता मोटर दुसऱ्या दिशेने फिरली तर मोटर ठीक आहे, दोष स्विचकडून येणाऱ्या वायरीत आहे. फिरली नाही तर मोटरमधलं एक वाइंडिंग (तारेचं वेटोळं) गेलंय. मग तुमची गाडी नवा पंप लागलेल्या त्या चारांपैकीच एक समजा. तुमच्या गाडीत कुणी नंतर नव्या प्रकारचा पंप बसवला असेल तर त्याचं वायरिंग वेगळं असू शकतं. तिथे नकाशा बघितल्याशिवाय ही चाचणी करू नका.

हाताने उचलून बघणं

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि छत तरी अडतंय, तर बॅटरीची वायर काढा आणि दोन्ही सिलिंडरांचे दांडे सांगाड्यापासून सोडवा. दोन माणसं लागतातच. एकट्याने करू नका. हा सांगाडा कात्रीसारखा मिटतो आणि बोट मध्ये आलं तर तो थांबत नाही. लहान मुलांना घरात ठेवा.

दोघांनी दोन बाजूंनी धरून छत सावकाश वर न्या. ते जड लागेल, पण सगळीकडे सारखंच जड लागायला हवं. एका जागी अचानक अडलं, टक् आवाज आला, एका बाजूच्या माणसाला जास्त जोर लावावा लागला, तर दोष सांगाड्यात आहे. सांध्यांना थोडं तेल द्या, पाच मिनिटं मुरू द्या, पुन्हा करून बघा. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर तिथला दुवा नीट न्याहाळा. बहुतेकदा कधीतरी कुलूप न सोडता स्विच दाबल्याची खूण तिथे सापडते. दोन-चार अंशांचा बाक, रंग तडकलेला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वाकलेला दुवा मी स्वतः सरळ करत नाही. व्हाइसमध्ये धरून ठोकता येतो, पण डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळवणं हे छतांचं काम करणाऱ्या ट्रिमरचं कौशल्य आहे. कापड नवीन असेल आणि छत पुढच्या पट्टीपासून बोटभर आधीच थांबत असेल, तरीही ट्रिमरकडेच जा. कापड आखूड ताणलं गेलंय. ते ओढून कुलूप लावलंत तर पहिल्याच उन्हाळ्यात शिवण उसवेल.

स्विच दाबल्यावर जळका वास आला, किंवा वायरीचं आवरण वितळलेलं दिसलं, तर बॅटरीची वायर काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुन्हा एकदा दाबून बघू, असं करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचं लक्षण. छत वर येतं, पण खुंट्या भोकांच्या पुढे जाऊन पट्टीवर टेकतात. छत लांब झालेलं नसतं. गाडी मधोमध खचलेली असते. कन्व्हर्टिबलला वरचा पत्रा नाही, त्यामुळे सगळी ताकद खालच्या भागात, दारांखालच्या लांब पोकळ पट्टीत (रॉकर) आणि रॉकरला पुढच्या-मागच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या पत्र्याच्या पेट्यांत (टॉर्क बॉक्स). फोर्डने या गाडीत तिथे जास्तीचा पत्रा दिला होता तो याचसाठी. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ रॉकरच्या आत शिरतं आणि आतून खातं. मग गाडी मध्ये वाकते, पुढची काच आणि छताचा मागचा सांधा एकमेकांकडे झुकतात आणि छत पुढे जातं.

हे ओळखायला एक पैसाही लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा आणि दाराच्या मागच्या कडेची फट बघा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर शंका घ्या. दार उघडताना वर उचलावं लागलं तर आणखी. मग पुढच्या बाजूने जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला, गाडीखाली न जाता, आणि त्याच फटीकडे बघत रहा. फट डोळ्यांदेखत बदलली तर ती गाडी फ्रेमचं काम करणाऱ्या शॉपची आहे. छताला हातच लावू नका. आधी बॉडी, मग छत.

गाडी विकत घ्यायला गेलात तर

विकणाऱ्यासमोर छत लागोपाठ तीन वेळा वर-खाली करून मागा. पहिल्यांदा जवळपास प्रत्येक छत चालतं, तिसऱ्यांदा ब्रेकर बोलतो. खोळीत हात घाला, बाजूच्या पॅनेलच्या खालच्या कडेवर बोट फिरवा, बोट लाल होतंय का बघा.

गाडीचा चेसिस नंबर (नंबर प्लेट नव्हे) वाचा. पाचवा-सहावा नव्हे, तिसरा आणि चौथा आकडा. ०८ म्हणजे फॅक्टरीतूनच कन्व्हर्टिबल निघाली, ०७ म्हणजे बंद छताची, ०९ म्हणजे फास्टबॅक, मागे उतरत जाणाऱ्या छताची. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये पहिल्या क्रमांकाची मस्टँग उभी आहे, पांढरी कन्व्हर्टिबल, नंबर ५एफ०८एफ१००००१. त्यात ०८ कुठे येतं ते एकदा बघून ठेवा म्हणजे चूक होणार नाही. दुसरं अक्षर कारखान्याचं. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटाचन. नंबरात ०७ आणि समोर उघडं छत असेल तर कुणीतरी वरचा पत्रा कापलाय, आणि खालचा जास्तीचा पत्रा त्यात बहुधा नाही. ती गाडी खचणारच. एकट्या १९६५ च्या मॉडेल वर्षात १,०१,९४५ कन्व्हर्टिबल निघाल्या होत्या, १९६६ मध्ये ७२,११९. अस्सल गाड्या पुष्कळ आहेत, घाई करू नका.

गेल्या मे महिन्यात कँटनच्या एका जोडप्याबरोबर दोन गाड्या बघायला गेलो होतो. पहिली लाल, रंग असा की त्यात ढग दिसावेत, छत एका दमात उघडलं आणि मिटलं. ताई लगेच हो म्हणत होत्या. मी दाराची फट दाखवली. वर माझं करंगळीचं नख जेमतेम शिरत होतं, खाली अख्खं बोट. जॅक लावला, तर वरची फट मिटली आणि दार उघडेना. दुसरी गाडी फिक्या निळ्या रंगाची, सॅन होजेची, उन्हाने सीटा तडकलेल्या, आणि छताचा स्विच दाबला तर काहीच नाही. विकणाऱ्याने स्वतःहून पंपाचे पैसे किमतीतून कमी केले. फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या. त्यांनी ती निळी घेतली. शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये मागची सीट काढली, अर्थिंगचा बोल्ट सोडला, खाली निळा रंग होता. घासला, आवळला, स्विच दाबला. छत उठायला लागलं तेव्हा ताई अजून सीटवरचे स्क्रू मोजत बसल्या होत्या.